लसणाच्या घरात व्हॅम्पायर

मैत्रिणींनो, आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, पापडांच्या डब्यामागे एक पुस्तक आहे. शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर मी त्याला घातलंय आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘मराठी व्याकरण, इयत्ता नववी’. आत व्याकरण नाही. आत एक बाई आहे. ती मरते, पुन्हा उठून बसते, तिला दोन सुळे फुटतात, आणि त्यानंतर तिच्यापुढे पहिला मोठा प्रश्न उभा राहतो तो म्हणजे आता हे आईला कसं सांगायचं!

तुम्ही म्हणाल, दोन मुलांची आई, बी. ए. झालेली, शाळेत शिकवणारी बाई, आणि वाचते काय तर व्हॅम्पायरच्या प्रेमकथा! म्हणा. आमच्या जाऊबाई म्हणाल्याच. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. हसण्यासाठीच तर ही पुस्तकं आहेत.

सुरुवात झाली एका नारळापासून.

मी सहा वर्षं इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होते. आठवी-नववीचं मराठी आणि अधूनमधून कुणी रजेवर गेलं की इतिहास. तासिका तत्त्वावर म्हणजे काय ते ज्या शिकवतात त्यांना ठाऊक आहे. घंटा झाली, वर्गात गेलं, तास घेतला की तेवढ्याचे पैसे. दिवाळीची सुट्टी, मे महिना, सगळं बिनपगारी. तरी महिन्याकाठी सहा-सात हजार हातात यायचे आणि ते माझे असायचे. मुलीच्या नाचाच्या क्लासची फी मी भरायची. कुणाच्या बारशाला जाताना पाकिटात किती घालायचे हे मी ठरवायची. एवढंच. पण ते ‘एवढंच’ किती मोठं असतं, हे तुम्हांला सांगायला नको.

२०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या शाळेतल्या एका अतिरिक्त शिक्षकांचं आमच्याकडे समायोजन झालं होतं, त्यामुळे माझे तास उरले नाहीत. मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावलं, माझ्या हस्ताक्षराचं आणि फळ्यावरच्या सुविचारांचं कौतुक केलं, एक गुलाबाचं फूल दिलं आणि हातावर नारळ ठेवला.

खराखुरा नारळ हो! ‘नारळ देणे’ हा वाक्प्रचार सहा वर्षं मी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेत होते. ‘मालकाने नोकराला नारळ दिला.’ तो असा शेंडीसकट हातात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

घरी आले. सासूबाईंनी नारळ पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. “सत्कार केला वाटतं गं तुझा?” मी ‘हो’ म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्यांनी दुपारीच तो फोडला, खवला आणि वड्या केल्या. वेलदोडा घालून. संध्याकाळी हे घरी आले, मुलं आली, सगळ्यांनी माझ्या सत्काराच्या वड्या खाल्ल्या. मीही दोन खाल्ल्या. छान झाल्या होत्या.

मग पुढे अकरा दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. रोज सकाळी अकराला साडी नेसून, पर्स घेऊन बाहेर पडायची आणि नगर वाचनालयाच्या महिला विभागात जाऊन बसायची. तुम्हांला वाटेल, नवऱ्याला भीत असेल. छे! यांचा स्वभाव शांत. ते काय म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणणार, “बरं झालं, आता जरा आराम कर.” आणि नेमकं तेच वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्याकडच्या मंगल कार्यालयात किलोच्या भावाने पुस्तकं विकणारं प्रदर्शन आलं होतं. एरवी मी तिथे मुलांसाठी चित्रांची पुस्तकं घेते. त्या दिवशी वेळ घालवायला शिरले आणि एक इंग्रजी पुस्तक हाताला लागलं. मॉली हार्पर नावाच्या अमेरिकन लेखिकेचं, २००९ सालचं, ‘नाइस गर्ल्स डोन्ट हॅव फँग्ज’. म्हणजे ‘चांगल्या मुलींना सुळे नसतात’. अहो, हे वाक्य तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त सुळ्यांच्या जागी दुसरंच काहीतरी असतं. मोठ्यानं हसू नये, पाय पसरून बसू नये, उलट बोलू नये. मी ते वजनकाट्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात उघडलं. जेन जेमसन ही केंटकी राज्यातल्या एका लहान गावची ग्रंथपाल. वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. एके दिवशी तिला नोकरीवरून काढतात आणि निरोपाचे पैसे द्यायचे सोडून हातात काय देतात? एका हॉटेलचं पंचवीस डॉलरचं कूपन! त्यात बटाट्याच्या चटकमटक पदार्थांची बशी मिळते म्हणे.

मैत्रिणींनो, मी वाचनालयात फस्सकन हसले. समोर ‘शांतता राखा’ची पाटी, शेजारी वर्तमानपत्र वाचणारे दोन पेन्शनर, आणि मी तोंडावर पदर धरून हसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय. ग्रंथपाल काकांनी चष्म्यावरून पाहिलं. आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसले होते. तिला बटाटे, मला नारळ!

पुढची कथा अशी. जेन ते कूपन घेऊन हॉटेलात जाते, थोडी जास्तच पिते, तिथे तिला गेब्रिएल नावाचा एक देखणा, अबोल गृहस्थ भेटतो. परतताना रस्त्यात तिची गाडी बंद पडते. ती अंधारात चालत निघते, आणि एक दारू प्यायलेला माणूस तिला हरीण समजून गोळी घालतो. मरणाच्या दारात असताना तो गेब्रिएल तिला वाचवतो, पण आपल्यासारखी करून. तो शंभर वर्षांहून मोठा व्हॅम्पायर. झालं! आता बाईला ऊन चालत नाही, अन्न चालत नाही, बाजारात बाटलीत मिळणारं कृत्रिम रक्त प्यायचं. या पुस्तकातल्या जगात व्हॅम्पायर उघडपणे राहतात. ते जगापुढे कसे आले माहीत आहे? कर सल्लागाराचं काम करणाऱ्या एका व्हॅम्पायरला कचेरीने रात्रपाळी नाकारली आणि तो कोर्टात गेला! आणि जेनची आई? तिला काही कल्पनाच नाही. ती आपली लेकीला घरचं जेवण खायला घालायच्या मागे. पोरीच्या तोंडाला त्या अन्नाची चव राख झालेली, तरी आईचं मन मोडवत नाही म्हणून ही घास घोळवतेय. सांगा, यात भीतीदायक काय आहे? हे तर बाळंतपणाला माहेरी गेलेल्या कुठल्याही लेकीचं वर्णन आहे.

मग मला नादच लागला. भाच्याने फोनवर कशी वाचायची ते शिकवलं आणि एकामागून एक मी वाचत सुटले. मेरीजॅनिस डेव्हिडसन यांचं २००४ सालचं ‘अनडेड अँड अनवेड’ घ्या. त्यातली बेट्सी टेलर ऐन तिशीची. तिचीही आधी नोकरी जाते, मग ती मोटारीखाली सापडते, आणि मेल्यावर जाग येते तेव्हा तिच्या लक्षात येतं की अंत्यविधीसाठी आपल्या पायांत सावत्र आईच्या स्वस्तातल्या चपला घातल्यात. मेल्याचं दुःख बाजूला, त्या चपलांवरून तिचा जो संताप होतो! पुढे ती व्हॅम्पायरांची राणी होते, पण सगळं लक्ष भारी चपलांवर.

हे वाचताना मला माझं आजोळ आठवलं. वेंगुर्ल्याच्या बाजूला आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडताना त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. वेतोबाची चेष्टा नाही हं, मी दोन्ही हात जोडून सांगतेय. पण रात्री फिरणारा आणि चपला लागणारा आपल्याकडेही आहे, आणि त्याची भीती वाटण्याऐवजी आपल्याला आधारच वाटतो. आपल्या वेताळपंचविशीतला वेताळ तरी काय, राजाच्या पाठीवर बसून पंचवीस गोष्टी सांगतो, कोडी घालतो आणि राजाने तोंड उघडलं की झाडावर परत. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० साली त्या गोष्टी आपल्या पद्धतीने इंग्रजीत नेल्या तेव्हा पुस्तकाचं नाव ठेवलं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. आपला वेताळ रक्तासाठी ओळखला जात नाही, बोलण्यासाठी ओळखला जातो. तरी त्याला बिचाऱ्याला व्हॅम्पायर ठरवून मोकळे! २०२५ च्या दिवाळीत आलेल्या ‘थामा’ या हिंदी सिनेमात त्याच बेताळांची हसती-खेळती प्रेमकथा केली. दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार. मुलांबरोबर पाहिला. मुलांना आवडला. मला पुस्तकं जास्त आवडतात, कारण पुस्तकात मध्ये थांबून आमटीला फोडणी देता येते.

आता खरं सांगू का, यात गोडी कसली ते? मी पुष्कळ विचार केला. लोकांना वाटतं देखणा नायक, न संपणारं तारुण्य, श्रीमंती, वाडा. असेल थोडं. पण आपल्यासारखीला पहिली गोष्ट जाणवते ती वेगळीच. हा नवरा जेवत नाही! सकाळी डबा नको, रात्री ‘भाजी काय?’ नको, पाहुणे घेऊन आला तर तेही न जेवणारे. फ्रीजमधून बाटली काढायची, गरम करायची, संपलं. आणि तो रात्री जागा असतो. बाईला खरं बोलायला वेळ मिळतो तो रात्री साडेअकराला. ओटा पुसून झाला, दूध झाकलं, विरजण लावलं, आणि खोलीत यावं तर तिथे घोरणं सुरू. या पुस्तकांतला माणूस त्या वेळी ताजातवाना असतो आणि विचारतो, ‘मग? आज काय झालं?’

शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाऊस आणखी पुढची. २००१ ते २०१३ या काळात तिच्या तेरा कादंबऱ्या आल्या आणि त्यांवरची ‘ट्रू ब्लड’ ही मालिका २००८ पासून २०१४ पर्यंत चालली. मालिका मुलांसमोर लावण्यातली नाही, आधीच सांगून ठेवते. सूकी लुइझियानातल्या लहानशा गावात हॉटेलात वाढपाचं काम करते. तिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. ऐकायची इच्छा नसली तरी ऐकू येतं. गिऱ्हाईकांच्या मनातलं, मालकाच्या मनातलं, सगळं. आणि मग एक व्हॅम्पायर येतो. त्याच्या मनातलं तिला काही ऐकू येत नाही. शांत! त्या शांततेसाठी ती त्याच्या प्रेमात पडते. मी हे वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. सासूबाईंना आज चहा कमी गोड वाटला का, यांचं कचेरीत काही बिनसलंय का, मुलगा दार आपटून गेला तो मार्कांमुळे की मित्रामुळे... न बोलता घरातल्या पाच जणांच्या मनातलं ऐकायचं काम आपणही करतोच की. त्याचे तासाला काही मिळत नाहीत.

त्याच पुस्तकातली सूकीची आजी मला फार आवडली. नात व्हॅम्पायरशी ओळख झाल्याचं सांगते, तेव्हा आजी घाबरत नाही. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलाय हे कळल्यावर तिला एकच सुचतं, आमच्या मंडळात त्याचं भाषण ठेवता येईल का? मंगळवारच्या कार्यक्रमाला वक्ता मिळवता मिळवता आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंची जी दमछाक होते ती पाहता, त्याही हेच विचारतील.

केरेलिन स्पार्क्स यांच्या एका कादंबरीत तर व्हॅम्पायरचा सुळाच तुटतो आणि सूर्य उगवायच्या आत दंतवैद्य शोधायची पळापळ होते. भेटते ती दंतवैद्य बाई रक्त पाहून चक्कर येणारी! २००५ सालचं पुस्तक आहे. यातले काही प्रसंग जरा मोकळेढाकळे आहेत बरं का, म्हणून तर खाकी कव्हर.

आता दुसरी बाजू. मी शिक्षिका आहे, ती सवय जात नाही. २००५ साली आलेल्या ‘ट्वायलाइट’ या प्रसिद्ध कादंबरीत तो तरुण रात्री त्या मुलीच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, तिला न सांगता. माझ्या नववीतल्या मुली यावर जीव टाकायच्या. “मॅडम, किती प्रेम!” मी म्हटलं, “अगं, आपल्या गल्लीतला कुणी असा खिडकीतून आला तर काय करशील?” एकजात ओरडल्या, “पोलीस!” मग हा गोरा आणि श्रीमंत म्हणून प्रेम काय? तेव्हा गंभीर चेहऱ्याच्या व्हॅम्पायरकथा मला मानवत नाहीत. त्यांत बाई सारखी बेशुद्ध पडते आणि तो सारखा तिला उचलतो. विनोदी कथांत ती शुद्धीवर असते. तो दोनशे वर्षांचा असो की राजवाड्यातला, जास्त शहाणपणा शिकवायला लागला की ती त्याला तोंडावर सांगते. आणि तो ऐकतो. हसणाऱ्या बाईला घाबरवणं कठीण असतं. जाऊबाई म्हणतात, “सगळं बाष्कळ आहे.” असेलही. त्यांच्या सासू-सुनेच्या मालिकेत एक बाई दोनदा मरून चेहरा बदलून आलीय, पण ते असो.

नाद लागल्यावर मूळ पुस्तकही वाचायचं ठरवलं. वाचनालयात ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ची पिवळी पडलेली प्रत होती. लहानपणी नारायण धारपांच्या गोष्टी पांघरुणात टॉर्च लावून वाचल्या होत्या, त्यामुळे तयारीनेच बसले. पण तुम्हांला सांगते, या पुस्तकात आपल्या पानांसाठी भरपूर मजकूर आहे! पहिल्याच प्रकरणात तो जोनाथन हार्कर नावाचा तरुण वकील घराच्या खरेदीखताच्या कामासाठी ड्रॅक्युलाकडे निघालेला असतो. वाटेत त्याला लाल मिरचीतली कोंबडी वाढतात. ती खाऊन तहान लागते, पण आवडते, आणि तो वहीत टिपून ठेवतो की मीनासाठी याची कृती घ्यायची. मीना म्हणजे त्याची वाग्दत्त वधू. बघा, एवढ्या भयकथेच्या तोंडावर पाककृती!

पुढे वाड्यावर एकही नोकर नाही. हार्कर दाराच्या फटीतून पाहतो तर खुद्द सरदार ड्रॅक्युला टेबल मांडतोय, आणि त्याआधी पाहुण्याचं अंथरूणही तोच घालताना दिसतो. हार्करला धडकी भरते. मला मात्र क्षणभर त्या म्हाताऱ्याबद्दल आपुलकी वाटली. पाहुणा आलाय, मोलकरीण नाही, आणि आपण हे एकट्याने करतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही!

आणि ती मीना, बायांनो, शाळेत शिक्षिका आहे. मुख्य नाही, सहायक. लघुलेखन शिकते, टंकलेखन शिकते, कशासाठी तर लग्नानंतर नवऱ्याच्या कामात उपयोग होईल म्हणून. त्या ड्रॅक्युलाचा माग काढायचा असतो तेव्हा सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, कात्रणं टंकून, तारखेवार लावून ठेवते ती मीनाच. सगळ्या पुरुषांना जे कळत नव्हतं ते त्या कागदांमुळे कळतं. आणि मग ते सगळे ठरवतात काय? इथून पुढे बाईला यात घ्यायचं नाही, तिने आता आराम करावा, तिच्या जिवाला त्रास नको. तिला घरी ठेवून ते शिकारीला जातात, आणि नेमका तेव्हाच ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो. बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही, हा नियम. त्याला आत घेतो तो त्याच छपराखाली राहणारा एक माणूस.

‘आता आराम कर.’ १८९७ सालच्या पुस्तकातही तेच वाक्य! मी वाचनालयातून घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं.

ती अकरावी रात्र. झोप येईना. मी स्वयंपाकघरात ओट्याजवळचा दिवा लावून पाटावर बसून वाचत होते. हे पाणी प्यायला उठले. दोन वाजले असतील.

“अगं, काय वाचतेस एवढं?”

“व्याकरण,” मी म्हटलं.

“व्याकरण वाचून हसतेस?”

मग मी सांगायला लागले. जेनची गोष्ट. हे उंबऱ्यावर बसले. ती बटाट्याच्या कूपनची गंमत आली तेव्हा हे हसले. “काय माणसं! नोकरीवरून काढायचं आणि वर बटाटे!” आणि मग हसता हसता थांबले. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“त्या वड्या कसल्या होत्या गं?” त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. वाचनालय, साडी नेसून बाहेर पडणं, सगळं. आणि मैत्रिणींनो, यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरं झालं. आता जरा आराम कर.”

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, “अहो, मी दमले म्हणून रडत नाहीये. मला काढलं म्हणून रडतेय. ते माझे पैसे होते. ती माझी मुलं होती. तो फळा माझा होता.” पंधरा वर्षांच्या संसारात मी यांच्याशी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. आतल्या खोलीत सासूबाईंचं कूस बदलणं ऐकू आलं. हे काहीच बोलले नाहीत. उठले, गॅस पेटवला आणि चहा ठेवला. पहिल्यांदाच. साखर किती घालायची ते विचारावं लागलं, आलं किसायची किसणी कुठे असते तेही. दूध उतू गेलं. पण चहा दोघांनी घेतला, आणि नंतर त्यांनी विचारलं, “मग पुढे काय झालं त्या पोरीचं?” साडेतीन वाजेपर्यंत सांगत होते.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या आधी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मला आधी सांगायचंस गं. मी त्यात वेलदोडा कशाला घातला असता!” आणि दुपारी त्यांनी पेटीतून पाचशेच्या चार नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. “पोरीच्या नाचाची फी भर. परत करायची झाली तर कर, नाहीतर नको.”

त्या केल्या परत. सध्या घरच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी सात मुली शिकवणीला येतात. शाळेइतके पैसे अजून होत नाहीत. शाळेवरून रिक्षा जाते तेव्हा मी अजून दुसरीकडे बघते. पण वेळापत्रक माझं आहे आणि फळाही मी स्वतःच्या पैशांनी घेतलाय, हिरवा.

सासूबाईंना आता दुपारी चहाबरोबर गोष्ट लागते. मी वाचते आणि मराठीत सांगते. त्यांचे प्रश्न इतके नेमके असतात की मला उत्तरं सुचत नाहीत. “मुलगी बघायला ते रात्रीच येत असणार, मग पोहे करायचे की नाही?” “आरशात दिसत नाही तर कुंकू कसं लावते गं ती?” आणि वटपौर्णिमेला तर कहरच केला. वडाला फेऱ्या मारताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “आपण सात जन्म मागतो. या बायांना एकच जन्म, पण संपतच नाही. सातांपेक्षा ते जास्त की कमी?” मागच्या बाया बघायला लागल्या, एवढ्या आम्ही हसलो.

गेल्या रविवारी मी हार्करची ती कोंबडी करून पाहिली. पुस्तकात कृती नाही, बिचाऱ्या मीनाला ती मिळालीच नाही. पण हंगेरीकडचा तो पदार्थ कसा असतो ते शोधलं. भरपूर कांदा मंद आचेवर मऊ करायचा, गॅस बारीक करून त्यात गोडसर लाल मिरचीची पूड घालायची (तिकडची पूड इथे कुठली, मी काश्मिरी वापरली), कोंबडीचे तुकडे परतून झाकण ठेवून शिजवायचे आणि शेवटी आंबट साय. साय नव्हती म्हणून मी घट्ट दही फेटून घातलं. गॅस बंद करून घाला, नाहीतर फाटतं.

कांदा परतत असताना सासूबाई नेहमीप्रमाणे लसणाच्या पाकळ्या सोलून ताटलीत घेऊन आल्या. ओट्याशी येऊन थबकल्या. एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा फडताळातल्या पापडांच्या डब्याकडे पाहिलं.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “आज राहू दे का लसूण?”